खिळे ठोकलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खिडकी. रोह्यापलीकडे, कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की अष्टमी गाव लागतं. तिथल्या कमळाकरच्या दोन खोल्यांच्या घरात मी पश्चिमेला बसवलेली आहे. मला बसवताना सुतार म्हणाला होता, "समोरच्या दारावर झरोका ठेवा. हिच्यातून वारा येईल, तिथून गरम हवा जाईल." तसंच झालं. दुपार कलली की खाडीकडचा वारा माझ्यातून शिरायचा आणि तापलेल्या स्लॅबखालची कोंदट हवा बाहेर लोटायचा. कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलेला कमळाकर माझ्याखाली चटई टाकून आडवा व्हायचा.

"या खिडकीनं तुम्हाला आळशी केलंय," त्याची बायको मृणाली म्हणायची. माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

मागच्या वर्षी मृणाली आजारपणात गेली. येणारेजाणारे माझ्या गजांशी थांबून कमळाकरची विचारपूस करायचे. त्याला उत्तर देववेना. एक दिवस त्याने माझ्या झडपा ओढल्या आणि खिळे ठोकले. झरोक्यात गोणपाट कोंबलं. कामावर जाणंही सोडलं. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. लाकडात खिळे गेले, एवढंच.

मे महिना आला. स्लॅब तापायचा आणि घर रात्रीही निवायचं नाही. पंखा तीच गरम हवा फिरवत राहायचा. कमळाकर भिंतीला टेकून बसलेला असायचा. घाम निथळायचा, तो पुसायचंही त्याला सुचायचं नाही. पुढे घामही थांबला.

एका दुपारी त्याची मुलगी रोहिणी पेणच्या रामवाडीहून आली. बाप जमिनीवर पडलेला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, जीभ जड.

"बाबा, घराची भट्टी झालीय! कळत कसं नाय तुम्हाला?"

"काय कळत नाय गो," तो पुटपुटला. "गरम नाय, गार नाय."

रोहिणीने त्याच्या अंगावर कळशी ओतली आणि शेजारच्या कान्हूला हाक मारली. "कान्हूकाका, रिक्षा बोलवा! आणि पकड आणा, ही खिडकी उघडा आधी!"

कान्हूने खिळे उपटले. माझी एक बिजागरी तुटली, चौकट चिरली. रोहिणीने स्टुलावर चढून गोणपाट ओढून काढलं. वारा आत आला आणि कमळाकरच्या भिजलेल्या अंगावरून गेला. रिक्षा येईपर्यंत त्याने डोळे उघडले होते.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. काही दिवसांनी तो घरी परतला. त्याला अंथरुणावर आडवं करून निघताना रोहिणीने माझी लोंबती झडप हातात धरली.

"लावून घेऊ, बाबा?"

तो कूस बदलून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "नको. वारा येतोय."

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा वाऱ्याला आत यायला वाट ठेवा, तशी बाहेर पडायलाही ठेवा. खिडकीपुढे कपाट उभं करू नका. आणि ओळखीतल्या एखाद्या घराची खिडकी बरेच दिवस बंद दिसली, तर नुसते पुढे जाऊ नका. दार वाजवा.