मेट्रनची ड्यूटी

मेट्रनने ट्रेमधले सगळे ब्रश बाहेर काढले, लांबीप्रमाणे लावले आणि केस वरच्या बाजूला येतील असे एकेक करून पुन्हा उभे केले. शेजारच्या खुर्चीवरच्या पोस्टमास्तरांनी निळ्या रंगात बोट बुडवले होते. ते तिने ओल्या फडक्याने पुसले आणि पुन्हा असे करायचे नाही म्हणून त्यांना गोड आवाजात बजावले. पोस्टमास्तरांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसरे बोट बुडवले.

"ह्यांचे हात जेवणाआधी धुऊन घ्या हं," ती रंगवर्ग घेणाऱ्या ताईंना म्हणाली. "नाहीतर सगळं पोटात जायचं, आणि निस्तरायला आपण आहोतच."

"हो, मेट्रन," ताई म्हणाल्या.

खिडकीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याला हे 'हो, मेट्रन' खटकत असे. बायको मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती हे खरे. पण तिला निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. अल्झायमरच्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या या केंद्रात ती कामाला येत नव्हती, त्याने तिला दाखल केले होते. तिला मात्र पहिल्या दिवसापासून आपण ड्यूटीवर आहोत असे वाटत होते, आणि ताईंनी ती समजूत कधी दुरुस्त केली नव्हती. चुकीचे विधान समोर असताना गप्प बसणे म्हणजे त्यावर सही करणे, असे त्याचे मत होते.

त्याचे आयुष्य औषधांच्या तपासणीत गेले होते. प्रयोगशाळेत नमुना येई तो नाव काढून, नुसता क्रमांक लावून. कारखान्याचे नाव कळले की तपासणाऱ्याची नजर लबाड होते, हे तो हाताखालच्या मंडळींना पुनःपुन्हा सांगे. घरीही त्याची तऱ्हा वेगळी नव्हती. बायको त्याला शंकासुर म्हणायची. लग्नानंतर माहेरी पहिल्यांदा गेल्यावर, ह्यांना चहा दिला तर आधी गाळणी तपासतील, असे तिने सर्वांदेखत सांगितले होते, आणि त्याने खरोखरच कपात डोकावून पाहिल्यावर घर हसले होते.

आता घरी ती असे काही बोलत नसे. सकाळी उठल्यावर त्याच्याकडे परक्या सभ्यतेने पाही आणि कुणाला भेटायला आलात, असे विचारी. केंद्रात अंगात अ‍ॅप्रन चढला की मात्र तिचा आवाज परत येई. सगळ्यांची विचारपूस झाली की ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कागद रंगवी. आधी चारही कोपरे नीट भरायचे, मग मधली जागा, एकाही ठिकाणी सुरकुती पडल्यासारखा रंग राहू द्यायचा नाही. ताई ते कागद भिंतीवर लावत. तो मनाशी म्हणे, निळा चौकोन, आणखी एक निळा चौकोन.

दूरच्या गावी असलेल्या लेकीला ताईंनी त्या कागदांचे फोटो पाठवले तेव्हा तिचा फोन आला. आई सुधारतेय, बाबा, ती रडवेल्या आवाजात म्हणाली. त्याने ताईंना गाठून विचारले की सुधारणा कोणत्या मापाने ठरवली.

ताई ब्रश धुता धुता म्हणाल्या, "सुधारणा मी म्हटलंच नाही, साहेब. इथं असताना त्या बऱ्या असतात, एवढंच म्हटलं."

"बऱ्या म्हणजे किती?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिले आणि नळ मोठा केला.

मग आपणच एक चाचणी घ्यायची, असे त्याने ठरवले. लेकीला खोटी आशा लागू नये, असे कारण त्याने स्वतःला दिले. ते कारण टिकाऊ होते आणि त्याच्या आड दुसरे एक होते, ज्याच्याकडे त्याने तेव्हा पाहिले नाही: पोस्टमास्तरांसाठी असलेला तिचा आवाज त्याला घरी मिळत नव्हता. त्याला उत्तर आधीच ठाऊक होते आणि तेच निघावे अशी इच्छाही होती. हाताखालच्या कुणी अशा मनःस्थितीत नमुना हाती घेतला असता, तर त्याने तो काढून घेतला असता.

एका दुपारी ताई पोस्टमास्तरांना हात धुवायला घेऊन गेल्या. त्याने भिंतीवरचे काही कागद उतरवले, बायकोचा एक आणि बाकीचे इतरांचे, आणि मागच्या बाजूची नावे दिसणार नाहीत असे तिच्यापुढे मांडले. तिने चष्मा सारखा केला. एका कागदावर बोट ठेवून, ह्या बाईंचा हात थरथरतो, यांच्या गोळ्या बदलायला हव्यात, असे ती म्हणाली. निरीक्षण अचूक होते. ते त्याने विचारले नव्हते.

"यातलं तुझं कुठलं, ते सांग."

"माझं कशाला असेल? मी ड्यूटीवर आहे."

इथे थांबता आले असते. उत्तर मिळाले होते. तिला आपले चित्र ओळखता येत नव्हते. पण अर्धवट नोंद ठेवायची त्याला सवय नव्हती.

"तूही काढतेस. रोज काढतेस," तो म्हणाला, आणि तिचा कागद उलटा केला. मागे तिचे नाव होते, आणि खाली खुर्चीचा क्रमांक. मग त्याने दुसरा उलटला, तिसरा उलटला. प्रत्येकावर नाव आणि क्रमांक, त्याच हस्ताक्षरात.

तिला अजून वाचता येत होते. तिने आपले नाव वाचले, मग पोस्टमास्तरांचे, मग पुन्हा आपले. जन्मभर तिने खाटांना अडकवलेल्या पाट्या वाचल्या होत्या. नाव आणि क्रमांक एकत्र कुणाचे असतात, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"मी कधीपासून अ‍ॅडमिट आहे?" तिने विचारले.

त्याला खोटे बोलता येत नसे. "अ‍ॅडमिट नाहीस," तो म्हणाला. "हे फक्त दिवसाचं केंद्र आहे. संध्याकाळी मी तुला घरी नेतो."

तिने मान डोलावली. ती मान त्याने याच खोलीत इतरांची डोलताना पाहिली होती. मग तिने अ‍ॅप्रनची गाठ सोडली, घडी घातली आणि ती घडी टेबलाच्या कडेशी समांतर ठेवली.

उद्या विसरेल, असे तो धरून चालला. या आजारात नवी गोष्ट मनात टिकत नाही, आणि अंदाज निम्मा बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी तिला कागद, क्रमांक, प्रश्न, काहीच आठवत नव्हते. पण ताईंनी अ‍ॅप्रन पुढे केला तेव्हा तिने हात मागे घेतले. ब्रश दिला तो तिने नम्रपणे परत केला. "मला नाही जमायचं, सिस्टर," ती ताईंना म्हणाली, आणि डॉक्टर राउंडला केव्हा येतील असे विचारले. प्रसंग पुसला गेला होता, आणि त्याने केलेले काम तेवढे राहिले होते. पुढेही तेच होत राहिले. ट्रेमधले ब्रश कसेही उभे असत. पोस्टमास्तर दोन्ही हात निळे करून तिच्याकडे पाहत बसत. ती फडक्याकडे हात नेत नसे.

आजार पुढे सरकला असावा, असे ताई म्हणाल्या. लेकीने फोनवर त्याचीच समजूत काढली. तुम्ही तरी किती करणार बाबा, असे म्हणाली. तो दोघींचे ऐकून घेत राहिला. चुकलेल्या चाचणीची नोंद दाबणाऱ्या माणसाला त्याने एकदा नोकरीवरून काढायला लावले होते.

शेवटी त्याने ताईंना सांगितले. बसून, क्रमवार, कागद उलटे केल्यापर्यंतचे सगळे. ताई रागावल्या नाहीत. मेट्रनला पेशंटची गरज नव्हती, इथल्या पेशंटना मेट्रनची गरज होती, एवढेच त्या म्हणाल्या. मग वर्ग सुरू करायला निघून गेल्या.

त्या दिवशी तो खिडकीपाशी बसला नाही. पोस्टमास्तरांच्या शेजारची खुर्ची ओढून बायकोच्या समोर बसला, अ‍ॅप्रन स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि ब्रश निळ्या रंगात बुडवून कागदावर ओढला. रेघ वाकडी गेली. ती त्याने मुद्दाम वाकडी काढली नव्हती.

"सिस्टर," तो म्हणाला. हा शब्द त्याने तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. "मला बरं वाटत नाहीये. कणकण आहे अंगात."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. ताई पलीकडे हातातले काम थांबवून उभ्या होत्या. मग बायको खुर्चीतून थोडी पुढे झुकली, टेबलावरून हात लांबवला आणि तो पालथा ठेवून त्याचे कपाळ पाहिले. हात थंड आणि कोरडा होता, आणि जितका वेळ लागतो तितकाच वेळ तो तिथे राहिला.

"ताप नाही तुम्हाला," ती म्हणाली.

मग तिने हात परत घेतला, दुसऱ्या हातावर ठेवला, आणि दाराकडे पाहत आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहू लागली.