दंडावरचा पट्टा

आईला किडनी मीच देणार, हे आधी मी बोलले होते. "घरातलंच कुणी देणारं मिळालं तर बरं," हे डॉक्टरीणबाईंच्या तोंडून पुरतं बाहेरही पडलं नव्हतं, तोवर माझा हात वर. बाळने नंतर केला. जुळलं कुणाचं? दोघांचंही. आणि बीपी कुणाचं वाढलेलं निघालं? माझं! एकोणतिसाव्या वर्षी!

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा घोडा झालाय, पण आईच्या लेखी अजून पाळण्यातच. त्याचे सगळे आकडे कसे छान, सरळ. झालं, मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या त्याचे गोडवे गायला लागल्या. "मुलगा असावा तर असा!" मी कोपऱ्यात दातओठ खात बसले. जळत होते, सरळ सांगते. लहानपणी दुधावरची साय त्याला, खिडकीची जागा त्याला. आता आईच्या पोटातली जागाही त्यालाच?

डॉक्टरीणबाईंनी माझी उलटतपासणी घेतली. झोप होते का, मीठ वरून घेता का, सर्दीच्या गोळ्या, बारीक व्हायची औषधं? मी सलूनमध्ये केस कापते. दिवसभर उभं राहून कंबरेचे तुकडे पडतात, म्हणून रोज एक दुखण्याची गोळी आणि वर कडक कॉफी, कपावर कप.

"अहो, त्या गोळ्यांनीही बीपी चढतं," त्या म्हणाल्या. "शिवाय परवा मोजताना तुम्ही पायावर पाय टाकून बसला होतात आणि तोंड अखंड चालू होतं."

"भाऊ शेजारी बसला होता ना."

"मग?"

"मग काही नाही."

गोळ्या बंद केल्या. कॉफी सोडली. मीठ इतकं तोडलं की जेवताना कागद चावतेय असं वाटायचं. काही आठवड्यांनी त्यांनी माझ्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधला आणि कमरेला एक छोटं यंत्र अडकवलं, एक दिवस, एक रात्र. थोड्या थोड्या वेळाने पट्टा आपोआप फुगायचा, दंड आवळायचा, सुटायचा. तेवढा वेळ हात सैल सोडून गप्प राहायचं. सलूनमध्ये गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी आरशातून टकामका बघत राहायचं, आणि मी मुकी!

संध्याकाळी आईकडे गेले. बाळ बाहेर गेला होता. आई डायलिसिसहून येऊन पडली होती, चेहरा अगदी उतरलेला. मी पायथ्याशी बसले तर तिने माझा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत असा घेतला नव्हता.

"तुझा रिपोर्ट चांगला येऊ दे गं," ती म्हणाली. "रोज देवाकडे तेवढंच मागते. मला तुझीच हवी."

काय सांगू तुम्हाला! माझीच! ऐकलंस का रे घोड्या, माझीच! मनातल्या मनात मी मावशीला, शेजारणींना, सगळ्यांना टुकटुक करून घेतलं.

"माझीच का गं?" मी लाडात येऊन विचारलं. आणखी ऐकायचं होतं ना, हावरट कुठली.

"अगं, बाळच्या पोटावर सुरी कशी फिरू देऊ? त्याचं सगळं आयुष्य पडलंय पुढं. तुझं काय, तू खंबीर आहेस."

नेमका तेव्हाच पट्टा फुगायला लागला. हात सैल सोडायचा असतो, सोडला. बोलायचं नसतं, बोलले नाही.

"दुखतं का गं?" आईने विचारलं.

मी नुसतीच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खूश. "बघा, दिवसाचं ठीक, झोपेतलंही ठीक. गोळ्या, कॉफी आणि इथं आल्यावरची धाकधूक, एवढंच होतं. फक्त संध्याकाळी एकदाच भलतं वर गेलंय. काय करत होतात तेव्हा?"

खरं सांगितलं असतं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं असतं आणि मनापासून देताय का, म्हणून विचारलं असतं.

"जिना चढत होते," मी म्हणाले.

"मग हरकत नाही. तुमचंच नाव पुढे पाठवते."

बाहेर बाकावर बाळ माझी पर्स मांडीवर धरून बसला होता. धडपडत उठला. "काय झालं ताई?"

"मी देतेय."

"नक्की ना? नाहीतर मी आहेच," तो म्हणाला. पण त्याआधी त्याने श्वास सोडला होता, अगदी हळूच, मला कळू नये म्हणून. त्या श्वासाचासुद्धा मला हेवा वाटला.