न हरलेल्या संघाचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, पण माझ्यावर कधी कुणी वही उघडली नाही की ताट वाढले नाही. मित्रांनो, माझ्यावर माणसे झोपतात. कॉलेजच्या फुटबॉल मैदानाला लागून खेळाडूंची खोली आहे, तिथे खिडकीखाली मी उभे आहे. मुरगळलेला घोटा, गोळा आलेली पोटरी, सुजलेला गुडघा, सगळे आधी माझ्याकडे येतात.

ज्या सुताराने मला घडवले, तो माझे पाय ठोकून झाल्यावर स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि बायकोला म्हणाला, "बघ गं, कुरकुरतंय का?"

ती म्हणाली, "टेबल नाही कुरकुरत, तुम्हीच कुरकुरताय."

मग त्याने माझ्यावर फोम बसवला, निळे रेक्झिन ताणले आणि मी इथे आले.

सुरुवातीची वर्षे मुलींच्या संघाच्या पाचवीला हारच पुजलेली होती. हरून आलेल्या मुली माझ्या कडेला टेकून एकमेकींच्या चुका काढत. साधे खरचटले तरी "आई गं!" करून खोली डोक्यावर घेत. पुढे एक शांत मुलगी कर्णधार झाली. सगळा संघ तिला ताईच म्हणे. तिच्या पाठोपाठ तिची सख्खी धाकटी बहीण गोलरक्षक म्हणून आली. चेंडू तिला चुकवून जाईना, म्हणून तिचे नाव पडले भिंत.

त्या हंगामात संघ हरेना. ज्या प्राचार्यांना मैदानाचे फाटक कुठे आहे ते विचारावे लागे, ते पहिल्या रांगेत बसू लागले. कँटीनवाला मुलींसाठी खुर्च्या पुसून ठेवू लागला. माझेही नशीब फळफळले. "हे टेबल लाभतं आपल्याला," असे म्हणत प्रत्येक मुलगी बाहेर पडताना माझ्यावर थाप मारून जाई. पण मित्रांनो, मला एक गोष्ट खटकू लागली. आता कुणी "आई गं" म्हणत नसे. लंगडत आलेली मुलगी दाराशी पोचली की सरळ चालू लागे. आपल्यामुळे संघ हरला असे व्हायला नको, ही धास्ती प्रत्येकीने घेतली होती.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात भिंतीने समोरच्या खेळाडूच्या पायांत झेप घेतली. गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, उरलेला वेळ खेळली, संघ जिंकला. नंतर ती माझ्यावर येऊन पडली.

"ताई, आपण जिंकलो का गं?"

"जिंकलो, वेडाबाई!" ताई हसली.

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, "ताई, आपण जिंकलो का?"

ताईला वाटले थट्टा करतेय. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा मात्र ताईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. पलीकडे फिजिओ मॅडम दुसरीच्या घोट्याला पट्टी बांधत होत्या. ताई तिकडे वळणार, तोच धाकटीने तिचे मनगट पकडले.

"मॅडमना सांगू नकोस. बसवतील मला. तुला माझी शपथ."

ताईने मॅडमकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले आणि ती तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

तो आठवडा मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. भिंत सरावाआधी येऊन माझ्यावर पडे, डोळ्यांवर टॉवेल ओढून. उजेड तिला सोसवत नव्हता. एकदा ती कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओकली. सरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, विचारले तेव्हा ताईच म्हणाली, "पोट बिघडलंय तिचं, सर." हे सांगताना तिचा हात माझ्या कडेवर होता. नखाने ती माझे रेक्झिन कुरतडत होती.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी बाहेर ढोल वाजत होते. भिंत माझ्यावर बसून हातमोजे चढवत होती. डावा मोजा तिने उजव्या हातात कोंबला, आणि तो का बसत नाही म्हणून रडकुंडीला आली. ताईने ते पाहिले. ती उठली आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाली, "सर, हिला खेळवू नका. डोक्याला लागलंय हिच्या. मला माहीत होतं."

सरांचा चेहरा उतरला.

"आत्ता सांगतेस?" एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी फिजिओ मॅडमना हाक मारली आणि राखीव गोलरक्षकाला तयार व्हायला सांगितले.

"माझी शपथ मोडलीस तू! बहीण आहेस की वैरीण?" भिंत किंचाळली. ताई डोळे पुसत मैदानात गेली.

बाहेर सामना सुरू झाला. आत भिंत माझ्यावर निजली होती आणि मॅडम तिच्याशी बोलत होत्या. हळूहळू ती उत्तरे देईनाशी झाली. मॅडमच्या तोंडचे पाणी पळाले. स्ट्रेचर आले आणि तिला घेऊन गेले. बाहेर टाळ्या चालूच होत्या. सामना बरोबरीत सुटला. संघ हरला नाही. गुणांच्या जोरावर करंडक आला, पण तो कुणी उचलायचा हेच मुलींना कळेना.

पुढचे मला सरांच्या आणि मॅडमच्या बोलण्यातून कळले. मेंदूजवळ रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. "लगेच आणलं असतं तर इतकं वाढलं नसतं," डॉक्टर म्हणाले होते.

बऱ्याच महिन्यांनी दोघी बहिणी खोलीत आल्या, आपले सामान न्यायला. धाकटी काळा चष्मा लावून, जमिनीकडे बघत चालत होती. शब्द शोधत बोलत होती.

"ताई, तेव्हा तू सांगितलंस म्हणून मी चिडले होते."

"आणि आता?"

"आता चिडते, ती तू उशिरा सांगितलंस म्हणून. आणि गप्प राहायला मीच सांगितलं, म्हणून माझ्यावरही."

ताईने पिशवी खांद्यावर घेतली. उंबरठा आला तसा बहिणीचा दंड धरला. धाकटीने तिचा हात झिडकारला नाही.

आता माझे रेक्झिन फाटले आहे, एक पायही हलतो. कुणी लक्ष देत नाही. पण मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. उद्या एखादा सुतार येईल, मला नवा पाय लावील. तुमचे तसे नाही. म्हणून कुठे दुखत असेल तर वेळेवर सांगा. आणि तुमच्या जिवलगाने "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली, तर ती खुशाल मोडा. त्याचा राग पत्करा. तो चिडायला तरी शिल्लक राहील.