कोंडाबाईंची कॅसेट आणि माझा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना साउंड बॉक्स आहे, संगणकाला वायरने जोडतात तो. बाहेरचा आवाज संगणकात नेतो आणि ऐकण्यासाठी स्पीकरकडे पाठवतो. जेवणाच्या डब्याएवढा. पुढे दोन फिरती बटणं आणि एक बारीक दिवा. आवाज बेताचा असला की दिवा हिरवा, फाटू लागला की लाल. मला बोलता येत नाही. सांगायचं ते या दिव्यानेच. आणि तो कोणी बघत नाही, म्हणून माझा जीव सदा टांगणीला.

धाराशिवच्या एका स्टुडिओत मी पाच वर्षं लग्नाच्या फिल्मांना आवाज भरला. कौतुकही झालं. मग नवा बॉक्स आला आणि मी खोक्यात पडलो. तिथून तेर गावच्या प्रेमानंदने मला उचललं. त्याचा लाऊडस्पीकरचा धंदा. आवाज कमी वाटला की बटण पिरगळायचं, ही त्याची मंडपातली सवय. मलाही तो तसाच पिरगळायचा. मला त्याचा फार राग यायचा.

गेल्या महिन्यात त्याच्या आत्या, कोंडाबाई, एक कॅसेट घेऊन आल्या. विहारात गाणं असलं की पूर्वी त्यांनाच बोलावणं असायचं. त्यांनी म्हटलेली दोन गाणी कोणीतरी या कॅसेटवर भरून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. फीत इतकी झिजलेली की एकदा वाजली तर वाजली. तेवढ्यात ती संगणकात उतरवायची होती.

संगणकावर रेकॉर्डिंग लावलं आणि टेप सुरू झाला. गाणं माझ्यात आलं, पण स्पीकर गप्प. सकाळीच प्रेमानंदने सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ निवडलं होतं, नाव भारी वाटलं म्हणून. त्यामुळे ऐकायचा आवाज माझ्या पाठीमागच्या ज्या भोकातून जात होता, तिथे वायरच नव्हती. गाणं येतच नाही असं समजून त्याने आवाज आत घेण्याचं बटण शेवटपर्यंत पिरगळलं. माझा दिवा लालभडक झाला. गाणं फाटत होतं आणि मी नुसता तळमळत होतो.

“ह्यो डबा गेला कामातनं,” म्हणत त्याने मला थापट मारली.

कोंडाबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. त्यांची कुजबुज प्रेमानंदच्या कानावर जाईना. शेवटी त्यांनी स्टीलचा पेला टेबलावर ठणाठणा आपटला. आतून त्याची मुलगी रोहिणी धावत आली.

“त्यो दिवा बघ गं,” त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. “मगाधरनं लाल हाय.”

रोहिणीने टेप थांबवला, बटण निम्म्यावर आणलं, सेटिंगच्या यादीत ‘स्पीकर’ निवडलं आणि टेप पुन्हा सुरू केला. तोवर पहिलं गाणं संपलं होतं; दुसरं खोलीभर पसरलं. माझा दिवा हिरवा झाला. प्रेमानंदचा हात सवयीने बटणाकडे गेला, तो कोंडाबाईंनी धरला.

“असू दे रं. म्या एवढ्याच आवाजात म्हणत हुते.”

पहिल्या गाण्यासाठी फीत मागे नेताना ती तुटली. प्रेमानंद डोक्याला हात लावून खाली बसला. त्या दिवशी प्रथमच मला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, आवाज आला नाही तर बटणाला हात लावण्याआधी तो कुठे चालला आहे ते बघा. आणि ज्यांना ओरडता येत नाही, त्यांच्याकडे अधूनमधून नजर टाका.

कोंडाबाई अजून येतात आणि दुसरं गाणं ऐकतात. पहिलं संगणकात आहे, फाटलेलं. ते कोणी लावत नाही.