दोघांपुरते शेंगुळे

भीमरावांना थोडा स्वयंपाक करता येत नव्हता. करायचा म्हणजे भरपूरच.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते उभी हयात आचारी होते. हंगाम सुरू झाला की पाळीवरचे कामगार, उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर, वजनकाट्यावरचे कारकून, सगळे त्यांच्या हातचं जेवायचे. मीठ ते ओंजळीनं टाकायचे आणि तिखट वाटीनं. मटकीच्या रश्श्यावर असा लालभडक कट यायचा की नवखा माणूस पहिल्या घासालाच पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. घरी मात्र त्यांनी कधी चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. दिवसभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस घरी येऊन पुन्हा चुलीकडं कशाला बघतोय? जेवणही बहुतेक तिकडंच उरकायचं.

उन्हाळ्यात ते रिटायर झाले, आणि थंडी पडायला लागली तोच कौसल्याबाई गोठ्यात घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. बारामतीला नेऊन प्लास्टर घातलं. मुलगा रणजित आणि सून माधवी तिथं जवळच, जळोचीला राहायचे. माधवी म्हणाली, "आई, प्लास्टर निघेपर्यंत तुम्ही दोघं आमच्याकडंच राहा."

"आन गाया कुणी बघायच्या?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"आणि जेवणाचं?"

"त्याचं काय!" भीमराव मधेच बोलले. "सगळ्या कारखान्याला जेवू घातलंय म्या. एका बाईला घालता येत न्हाय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरचं सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं. मटकीचा रस्सा केला. चार घरांना वाटूनही संध्याकाळी पातेलं अर्धं भरलेलं. शेजारच्या गोजरबाई वाटी घेऊन आल्या, बोटं चाटत म्हणाल्या, "कौसाबाय, नशीब काढलंस बघ. आमचं ह्ये तर साधं पाणी घ्यायला उठत न्हाईत."

भीमराव खूश झाले. मग रोजच बेत ठरायला लागला. कधी भरल्या वांग्याची भाजी, कधी अंड्याचा रस्सा, कधी शेवभाजी. गल्लीत वाट्या फिरायला लागल्या. कौसल्याबाईही "झ्याक झालंय" म्हणायच्या, दोन घास खायच्या आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करायच्या.

"दूध कशाला? रस्सा घे की."

"डॉक्टरनं सांगितलंय. हाडाला बरं असतंय."

भीमरावांना ते पटलं. त्यांनी संध्याकाळचंही थोडं दूध डेअरीला न घालता घरात ठेवायला सुरुवात केली.

एके दिवशी ते डेअरीवरून लवकर परतले. कौसल्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. डाव्या हातानं फोन धरता येईना म्हणून मांडीवर ठेवून, स्पीकर लावून माधवीशी बोलत होत्या. भीमराव अंगणाच्या दाराआड थबकले.

"चवीला एक नंबर असतंय गं," कौसल्याबाई सांगत होत्या. "पर पोटात निस्ता जाळ हुतोय. दुधावर भागवतीय बघ."

"मग सांगा की तात्यांना."

"कसं सांगू? सकाळी उठून कोथिंबीर निवडत बसत्यात. ताट वाढलं की माझ्या तोंडाकडं बघत्यात. म्या घास गिळला की असं ल्हान पोरावानी तोंड हुतंय त्यांचं... त्येवढं बघायला म्हणून तरी खाती."

"तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

कौसल्याबाईंनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "शेंगुळं. गरमागरम, लसणाचं. माहेरी निरवांगीला आई करायची. पर कोण वळत बसणार? ऱ्हाऊ दे."

भीमराव पाय न वाजवता मागं गेले. मग दुधाची किटली वाजवत, खोकत, नव्यानं घरात शिरले.

 शेंगुळे त्यांना ऐकून माहीत होते, पण कॅन्टीनला असलं काही कधी केलं नव्हतं. एकेक हातानं वळायचं म्हणजे शेकडो माणसांना कसं पुरं पडणार? गोठ्याच्या मागं जाऊन त्यांनी सुनेला फोन लावला.

"माधवी, शेंगुळं कसं करत्यात गं?"

पलीकडून आधी हसू आलं. मग तिनं सांगितलं. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ, मुठीएवढं ज्वारीचं. लसूण, जिरं, कोथिंबीर आणि बेतानं मिरची वाटून त्यात घालायची, मीठ टाकून मळायचं, बोटाएवढं वळून उकळत्या पाण्यात सोडायचं. "आणि तात्या, लहान पातेल्यात करा."

भीमरावांनी पीठ मळलं ते चपातीसारखं मऊसूत. फोडणीत ठेचलेला लसूण पडला, पाण्याला आधण आलं, आणि त्यांनी वळलेले शेंगुळे अलगद आत सोडले. थोड्या वेळानं पळी घालून बघतात तर आत एकही शेंगुळा नाही. सगळा गोळा विरघळून पातेल्यात रबरबीत काहीतरी रटरटत होतं. ते पळीनं तळ चाचपत उभे राहिले.

लसणाचा आणि हुलग्याचा वास ओसरीवर गेला होता. कौसल्याबाई उठून आत आल्या.

"हुलग्याचं काय शिजतंय?"

"शेंगुळं."

त्यांनी पातेल्यात डोकावलं. "कुठं हायती?"

"हुती. आत्ता हुती."

कौसल्याबाईंना हसू आवरेना. प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भीमरावांना आधी राग आला, मग तेही हसायला लागले. तेच रबरबीत पिठलं दोघांनी वाट्यांत घेऊन फुंकर मारत प्यायलं. कौसल्याबाईंनी दोन वाट्या घेतल्या. दूध मागितलं नाही.

"लसूण बराबर पडलाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं बघून, "माधवीनं सांगितलं व्हय?"

"दारात हुतो म्या. समदं ऐकलं."

त्या ओशाळल्या. "तसं न्हवं वं..."

"आगं, सांगायचं हुतंस. तिखट कमी करायला काय पैसं पडत्यात का?"

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई स्वतःच पाट घेऊन शेजारी बसल्या. डाव्या अंगठ्यानं पीठ दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "घट्ट पायजे. आजून घट्ट." मग तेलाचं बोट लावून एक शेंगुळा डाव्या हातानं पोळपाटावर वळून दाखवला. वाकडातिकडा झाला. भीमरावांनी त्यांचं बघून वळला, तो जाड झाला. दुसरा बरा झाला. मग हात बसला.

वळता वळता भीमरावांनी विचारलं, "आपल्याकडं कधी केलं न्हाईस त्ये?"

"पोरगं ल्हान हुतं तवर करायची की. गरमच खावं लागतंय, गार झालं की मजा न्हाय. तुमी यायचा कधी, जेवून यायचा. मग रणजित बारामतीला गेला. एका जिवासाठी कुठं वळत बसायचं?"

त्यात तक्रार नव्हती. बाजारात काल काय भाव होता हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. भीमरावांचा हात मात्र पोळपाटावर थांबला. एवढी माणसं जेवू घातली, आणि घरात ही एकटी ताट घेऊन बसायची, हे कधी मनातही आलं नव्हतं.  त्यांनी पुढचा शेंगुळा जरा जास्तच जपून वळला.

गोजरबाई वाटी घेऊन आल्या तेव्हा भीमराव दारातच म्हणाले, "आज न्हाय गोजरबाय. आज दोघांपुरतंच हाय."

गोजरबाईंनी आत बघितलं, पाटावरच्या कौसल्याबाईंना बघून हसल्या आणि माघारी गेल्या.

शेंगुळे आख्खे राहिले. पाणी आटून दाटसर झालं. वरून कच्च्या तेलाची धार सोडून दोघं चुलीपुढंच जेवायला बसले. ताटात वाफ होती. पहिला घास कौसल्याबाईंनी डोळे मिटून खाल्ला. भीमराव सवयीनं त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"तुमीबी खावा," त्या म्हणाल्या. "गार हुईल."

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडली होती. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितलं. कौसल्याबाईंनी एक दिवस चेंडू दाबला आणि कंटाळून कोपऱ्यात टाकला. त्यापेक्षा पीठ वळते म्हणाल्या. रविवारी रणजित आणि माधवी आले, तेव्हा स्वयंपाकघरात दोघंही समोरासमोर पाटावर बसलेले. भीमरावांचे शेंगुळे एकसारखे, सरळ. कौसल्याबाईंचे अजून वाकडेच.

"बघा की यांचं," त्या सुनेला म्हणाल्या. "माझ्याच आईचं शेंगुळं, आन मलाच मागं टाकलं."

"बोटं मोकळी झाल्यावर बघू," भीमराव म्हणाले आणि ताटातलं थोडं पीठ त्यांच्याकडं सरकवलं.