शिट्टीचं काडतूस

बसवंतरावांच्या घरात मुंगीसुद्धा मारायची नाही. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि खुंटीला बारा बोअरची बंदूक! ती कशाला? तर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला. दर दसऱ्याला गंगाखेडजवळच्या क्लबात जमून हे सगळे म्हातारे बिचाऱ्या तबकड्यांवर राग काढत.

यंदा बसवंत आज्जानं नातीला शब्द दिला होता. "रुद्राणी, वापरलेली पितळी काडतुसं घासून दे. चकचकीत आन् आतून कोरडी पायजेत. क्लबातला सीताराम परवान्यानं परत भरून देतो. एक बार तुझा."

दहावीचं पुस्तक उघडलं की जिचं पोट दुखतं, ती पोरगी सकाळपासून नळावर चिंच कोळत बसली. चिंचेच्या पाण्यानं काडतुसं लख्ख झाली. आतली काजळी तिनं आज्जाच्या जुन्या दातांच्या ब्रशनं काढली. तो जुना आहे, हे तिनंच ठरवलं होतं. मग सगळी गच्चीवर उन्हात उभी केली. एक मात्र ओठाला लागलं ते लागलंच. त्याच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की पूर्णेच्या स्टेशनात गाडी आल्यासारखी शिट्टी!

"पोरीच्या जातीनं शिट्टी?" भागम्मा आज्जी आतून कडाडली. "आज खंडेनवमी हाय. शस्त्राची पूजा करायची, का तमाशा?"

"शस्त्रच गायलंय, आज्जी!"

लाटणं दिसलं, तशी शिट्टी खिशात गेली.

संध्याकाळी आज्जा-नात देवघराच्या दारात आले आणि थिजले. पाटावर बंदूक, तिला झेंडूची माळ, आणि समोर काडतुसांची रांग. प्रत्येकात तेल, प्रत्येकात वात, सगळ्या पेटलेल्या.

"काय झकास निरांजनं घासलीस गं!" आज्जी खूश. "गच्चीवरून मीच आणली."

"अगं, काडतुसं हायत ती!" आज्जा ओरडले. "जाळानं पितळ मऊ पडतं. आता भरली तर फाटतील."

"मला काय सपान पडलंय? चिंचेनं घासलेलं पितळ देवापुढं न्हाई तर कुठं ठेवत्यात?"

रुद्राणीनं नाक ओढलं. उद्याच्या बाराची बातमी तिनं सगळ्या वर्गाला देऊन टाकली होती. रुमाल शोधायला हात खिशात गेला आणि तिथंच थांबला.

"आज्जा, एक वाचलंय!"

"आण इकडं," आज्जा तरतरीत झाले. "एकच हाय म्हटल्यावर बार माझा."

"बंदूक तुमची. शिट्टी माझी."

"वर्साचा सण हाय गं माझा!"

"एवढ्या वर्सांत एक तरी तबकडी फुटली का?"

आज्जी फिसकन हसली. "न्हाई फुटली. मी साक्षीला हाय. पोरीलाच मारू द्या. आन् तू गं, आधी थुंकी धू त्याची!"

दसऱ्याला रुद्राणीनं बार काढला. खांदा मागं, पाय पुढं, आणि तबकडी शेजारच्या तुरीत अख्खीच्या अख्खी. आज्जांचा चेहरा समाधानानं फुलला.

तिनं बंदूक उघडून काडतूस काढलं आणि थेट ओठाला लावलं. गरम होतं. ओठ पोळला, तरी तिनं फुंकलंच.

बाराला एकही म्हातारा दचकला नव्हता. शिट्टीला सगळे दचकले.