करारनाम्याची मागची बाजू

अर्धापूरजवळच्या त्या गावात सिद्धम्माची सकाळ जावेच्या बागेकडे बघण्यात जायची. बांधापलीकडे शिवगंगेची केळी हिरवीगार, घडांना पिशव्या चढवलेल्या. सिद्धम्माच्या तीन एकरांतले घड अजून बारीकच होते. व्यापारी यंदाही आधी जावेच्याच बागेत शिरणार, या विचाराने तिचा जीव जळे. दोघी एकाच वर्षी या घरात सुना म्हणून आल्या. मग सगळं चांगलं तिच्याच वाट्याला का?

सिद्धम्माचा नवरा गुंडप्पा आणि दीर उमाशंकर, दोघांच्या मोटारी नदीच्या एकाच डोहावर होत्या. पाणी उपसायचा पाटबंधारे खात्याशी दोघांचाही करार. चैत्रात डोह आटला, तसा उमाशंकरने नदीच्या पात्रात आपल्या मोटारीपर्यंत चर खणला. दुसऱ्या दिवशी गुंडप्पाने त्याहून हातभर खोल खणला. मग चढाओढच लागली. त्यांचा चर आपल्यापेक्षा खोल आहे, हे रोज नवऱ्याला सांगणारी सिद्धम्माच. गावात याला धमक म्हणत, चोरी कुणी म्हणत नसे. चिखलात मासे मेले आणि डोहालगतची बौद्धवस्तीची विहीर कोरडी पडली.

वस्तीतला धम्मानंद गाऱ्हाणं घेऊन आला. गुंडप्पाने त्याला ओट्यावरही चढू दिलं नाही. सरकारनं करार करून पाणी दिलंय, असं त्याने वरूनच सुनावलं.

"करारात काय लिवलंय, वाचलंय का आप्पा?" एवढंच विचारून धम्मानंद परतला.

करारनामा देवघरात होता. दर दिवाळीला त्याला विभूती लागायची, पण त्याची मागची बाजू घरात कुणी वाचली नव्हती. त्या दुपारी सिद्धम्माने तो खाली काढला. वस्तीच्या कळवळ्याने नव्हे. दिराची मोटार बंद पाडणारं एखादं कलम सापडावं म्हणून. आणि ते सापडलं. डोहाच्या बंधाऱ्यावरच्या लाल खुणेखाली पाणी गेलं की उपसा बंद. उरलेलं पाणी पिण्यासाठी आणि नदीतल्या जिवांसाठी. पात्रात चर खणला तर करार रद्द. लाल खूण तर केव्हाच उघडी पडली होती. सिद्धम्मा हरखली. तिने दिराच्या शेताचा गट नंबर घालून कचेरीत अर्ज दिला.

चौथ्या दिवशी साहेब पंचनाम्याला आले. उमाशंकरची मोटार उचलली गेली. शिवगंगेचा उतरलेला चेहरा बघून सिद्धम्माला सणासारखं वाटलं. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, की हा दुसरा चर कुणाचा?

गुंडप्पाने पहाटेच आपली मोटार काढून लपवली होती. तो बायकोकडे रोखून बघत होता. पलीकडे रिकाम्या घागरी घेतलेल्या वस्तीतल्या बायकांत नागम्मा उभी होती. बारा वर्षं तिने सिद्धम्माच्या बागेत घड वाहिले होते. आज तिने मालकिणीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. सिद्धम्माला लाज वाटली.

"आमचा हाय," ती म्हणाली. "मोटार कडब्याच्या गंजीत हाय, तीबी घेऊन जा. आन लिवा, चर खोल करा म्हणून मीच सांगायले होते."

गुंडप्पाने आठवडाभर तिच्या हातचं खाल्लं नाही. शिवगंगेकडे बोअर होता, तिची बाग तगली. सिद्धम्माची पानं लोंबली, घड काळे पडू लागले. तेव्हा गुंडप्पा कुणाचीतरी मोटार मागून घेऊन आला.

"जाऊ हसायली तुला," तो म्हणाला. "दोन तास लावू. कोण बघायलंय?"

जावेचं नाव बरोबर जिव्हारी लागलं. तरीही सिद्धम्मा मोटारीच्या आडवी बसली.

"मी बघायले," ती म्हणाली. "न्हाई लावू देणार."

बाग गेली. वस्तीच्या विहिरीला थोडं पाणी आलं. जावेचा माल गाडीत चढताना बघून आपला जळफळाट झाला, हे सिद्धम्मा स्वतःच सांगते. जाऊ पुढे गेलेली तिला आजही सोसत नाही. पण नदी मारून जावेला हरवायचं नाही, एवढं तिने ठरवलं आहे. जे आपण कुणाचाच हेवा करत नाही असं सांगतात, त्यांच्या मोटारी मात्र त्या नदीवर अजून चालू आहेत.